चार वाजताची रिकामी चौकट

जर्मनच्या वर्गाच्या दारात चारुशीला सिस्टर उभी दिसली तेव्हा रोशनीला आधी वाटलं, हॉस्पिटलात काहीतरी झालं असणार आणि बाई आपल्याला ओढून न्यायला आली असणार. पण बाईच्या हातात नवी कोरी वही होती. तिने दाराशी चपला काढल्या, सरळ आत आली आणि पहिल्या बाकावर ओढणी सावरून बसली. मग मागे वळून तिने वर्गावर एक नजर फिरवली. रोशनी दिसली आणि दोघींचीही तोंडं एकाच वेळी कडू झाली. साऱ्या नागपुरात रोशनीसाठी ही एकच खोली अशी होती जिथे ही बाई नव्हती. आता तीही गेली.

खोली सीताबर्डीला, साड्यांच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात अंकित सर तिथे जर्मन शिकवायचे. वर्गातले निम्मे लोक नर्स होते, कारण एक एजन्सी इथल्या नर्सेसना जर्मनीतल्या हॉस्पिटलांत न्यायची. तिचा नियम साधा होता. ऑगस्टची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झालात तर ऑक्टोबरपासून पुढचं सगळं एजन्सी बघणार, शिकवण्यापासून व्हिसापर्यंत. नापास झालात तर डिसेंबरात आणखी एकदा बसायचं, आणि त्यानंतर विषय संपला.

रोशनीला जर्मनीचं काडीचंही कौतुक नव्हतं. तिथे बर्फ पडतो आणि लोक वेळेवर येतात, एवढंच तिला माहीत होतं. एकोणतीस वर्षांच्या या मुलीला फक्त चारुशीला सिस्टरच्या ड्यूटी चार्टमधून बाहेर पडायचं होतं, आणि जर्मनी त्यासाठी पुरेशी लांब होती.

त्या चार्टबद्दल सांगितल्याशिवाय ही खुन्नस कळायची नाही. एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डाची चारुशीला ही इन्चार्ज. दर शनिवारी दुपारी ती नर्सिंग स्टेशनवर पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसायची आणि पुढच्या आठवड्याचा चार्ट आखायची. उमरेडला तिच्या वडिलांचा हातमाग होता, त्यामुळे असेल कदाचित, पण तिच्या रेघा ताणलेल्या सुतासारख्या सरळ यायच्या. एकेका नर्सची एकेक ओळ, ओळीत सात चौकटी. मॉर्निंगचा एम, इव्हिनिंगचा ई, नाइटचा एन आणि सुट्टीचा ओ. शेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक वही असायची. ज्याला सुट्टी हवी त्याने त्या वहीत लिहावं, असा नियम होता. ती वही उघडताना चारुशीलाला कोणी पाहिलं नव्हतं. ज्या तिच्या मर्जीतल्या, त्यांना न लिहिताही ओ मिळायचा. बाकीच्यांनी लिहीत राहावं.

रोशनी चार वर्षं लिहीत राहिली होती. दर वर्षी एकच दिवस मागायची, दसरा. तिचे आईवडील नरखेडकडच्या गावाहून एसटीने दीक्षाभूमीवर यायचे. लहानपणापासून तीही त्यांच्यासोबत यायची, वडिलांचं बोट धरून, पांढरा फ्रॉक घालून. आता नागपुरातच राहात असून तिला जाता येत नव्हतं, कारण चारही दसऱ्यांना तिच्या चौकटीत ई होता. दुपारी दोन ते साडेआठ. मग आईवडीलच हॉस्पिटलच्या गेटवर यायचे, मोसंबीची पिशवी हातात द्यायचे, उभ्याउभ्या तोंड बघायचे आणि गर्दीत परत जायचे. पहिल्या वर्षी तिने धीर करून विचारलं होतं, तर सिस्टर म्हणाली होती की सण सगळ्यांनाच असतात. खरं होतं ते. फक्त बाकीच्या सगळ्यांना त्यांच्या सणाला ओ मिळायचा, आणि काहून मिळतो ते वॉर्डात सगळ्यांना समजत होतं.

तर अशी ही बाई आता जर्मन शिकायला आली होती. पुढच्याच शनिवारी रोशनीच्या ओळीत मंगळवारी ई पडला, गुरुवारी ई पडला आणि शनिवारी पुन्हा ई पडला. वर्गाचं वेळापत्रक आता चारुशीलाला तोंडपाठ होतं ना. रोशनीने सोबतच्या पायलशी मंगळवारची ड्यूटी बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली की इन्चार्जच्या सहीशिवाय ड्यूटी बदलता येणार नाही. मग रोशनीने असं काही केलं जे कुठलीच शहाणी नर्स करत नाही. तिने स्वतःहून महिनाभर नाइट मागितली. नाइट मागणाऱ्या बाईला नाही म्हणायला कारणच नसतं, आणि कारण नसताना नाही म्हटलं तर सगळ्या वॉर्डासमोर पितळ उघडं पडलं असतं. चारुशीलाने ओठ दाबून सलग एन लिहून टाकले. रोशनी सकाळी येऊन पाच तास झोपायची, लाल डोळ्यांनी मेट्रो पकडून वर्गाला जायची आणि तिथूनच ड्यूटीला. महिन्यात तिचं चार किलो वजन उतरलं, पण एकही तास बुडाला नाही.

जुलैच्या अखेरीला अंकित सरांनी पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं आणि वेळ सांगायला शिकवलं. सव्वा आणि पावणे यांत कोणालाच अडचण आली नाही, ते आपल्यासारखंच निघालं. घोडं अडलं साडेतीनला. जर्मन माणूस साडेतीनला 'हाल्ब फिअर' म्हणतो, म्हणजे अर्धे चार. चौथा तास अर्धा झाला, असा त्याचा हिशेब. चारुशीलाने यावर दहा मिनिटं वाद घातला. चार अजून वाजलेच नाहीत तर चारचं नाव घ्यायचं काहून, असं वॉर्डात बोललं तर पेशंटचा डोस चुकेल, असं तिचं म्हणणं. सर हसून पुढे गेले. मागच्या बाकावरून रोशनी पुटपुटली की ज्यांना दुसऱ्याचे तास खायची सवय आहे त्यांना अर्धा तास कशाला जड जावा. पुटपुटली, पण पहिल्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताने.

वेळ सांगता यायला लागल्यावर सरांनी परीक्षेतला तोंडी भाग समजावला. दोन उमेदवार समोरासमोर बसतात. प्रत्येकाला एक कागद मिळतो, त्यावर एका दिवसाचं वेळापत्रक असतं, काही तास भरलेले, काही रिकामे. एकमेकांचा कागद बघायचा नाही. दोघांनी बोलून अशी वेळ शोधायची की जी दोघांनाही मोकळी आहे. अमुक वाजता तुला वेळ आहे का, असं विचारायचं. नसेल तर नाही म्हणायचं, कारण सांगायचं आणि दुसरी वेळ सुचवायची. बस, एवढंच. सरांना वाटलं, या दोघी एकाच हॉस्पिटलातल्या, सराव करायला सोपं जाईल. म्हणून त्यांनी रोशनी आणि चारुशीलाची जोडी लावून दिली. भला माणूस होता, पण भल्या माणसांना भोवतालचं काही दिसत नाही.

पहिलाच सराव बघण्यासारखा झाला. चारुशीलाने कागद पाहिला, मान वर केली आणि म्हणाली, "दू कोम्स्ट उम त्सेन." तू दहाला येतेस. सर म्हणाले, असं नाही, विचारा. बाईने पुन्हा तेच सांगितलं, जरा जोरात. सरांनी तीन वेळा समजावलं. शब्द तिला सगळे येत होते, पाठ होते. पण 'तुला वेळ आहे का' हे वाक्य तिच्या तोंडातून निघेना. अठरा वर्षं नोकरी, त्यातली दहा इन्चार्ज म्हणून, आणि दहा वर्षांत तिने हा प्रश्न कोणाला विचारलेला नव्हता.

आणि रोशनीची गंमत अशी की दहा वाजता तिच्या कागदावर दाताच्या डॉक्टरची वेळ लिहिलेली होती, तरी ती "या" म्हणून मोकळी झाली. या म्हणजे हो. सर वैतागले. कागद वाचला नाही का, हो काहून म्हटलं, असं त्यांनी विचारलं.

"सवय आहे सर," रोशनी म्हणाली. "आमच्या वॉर्डात वेळ सांगतात. मग हो म्हणावं लागते."

वर्ग हसला. चारुशीलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांसमोर कोणी तिला असं बोललं नव्हतं, आणि तिथून पुढे सराव म्हणजे नुसती लढाई झाली. जर्मनमध्ये सोबतच्या माणसाला 'दू' म्हणजे तू म्हणायचं असतं, तर रोशनी ते इतकं घोळवून, चव घेऊन म्हणायची की बाकीच्या मुली खाली मान घालून हसायच्या. चारुशीला शनिवारी पेन्सिल घेऊन बसायची तेव्हा सगळं परत करायची.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी होती. आठ दिवस आधीच्या शनिवारी चार्ट लागला, आणि त्यात रविवारच्या चौकटीत चारुशीलासमोर ओ होता आणि रोशनीसमोर एम. रोशनीने वहीत लिहिलं. मेट्रनकडे गेली. मेट्रन म्हणाली, तुमच्या इन्चार्जशी बोलून घ्या, मी मध्ये पडत नाही. रोशनी त्या दिवशी जिन्यात बसून रडली, आणि रडताना स्वतःचाच राग आला म्हणून आणखी रडली. चार वर्षं, आणि ही सुटायची एक वाट, तीही ती बाई एका अक्षराने बंद करणार होती.

मंगळवारी वर्गाच्या दारावर तोंडी परीक्षेच्या जोड्यांची यादी लागली. सरांनी सरावाच्याच जोड्या पुढे पाठवल्या होत्या. रोशनीने यादीचा फोटो काढला आणि बुधवारी सकाळी ओव्हर देताना, म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला पेशंट सोपवायच्या वेळी, सगळ्या नर्स उभ्या असताना फोन सिस्टरसमोर धरला. तिने शांतपणे सांगितलं की जोडीतली एक जण आली नाही तर दुसरीचीही परीक्षा होत नाही. तसं खरोखरच होतं का, हे तिला माहीत नव्हतं. पण तिने असं सांगितलं की कोणालाही खरं वाटावं.

चारुशीलाने फोटो दोनदा मोठा करून पाहिला. मग खोडरबर घेतलं, रविवारचा एम खोडला, ओ लिहिला. आणि त्याच हाताने शनिवारचा ओ खोडून तिथे एन लिहिला. म्हणजे रात्रभर ड्यूटी करून रोशनीने सकाळी परीक्षेला जायचं. कागदावरचा खोडरबरचा कचरा फुंकरीने उडवत ती म्हणाली, "आता नीट ऐकून घे वं. मी वेळ सांगीन. दोनदा नाही म्हण, तिसऱ्यांदा हो म्हण. काम संपलं. जास्त शहाणपण करू नको."

कागदावर काय येईल ते आधी कसं सांगता येईल, असं रोशनी म्हणाली. कागद काहीही म्हणो, तिसऱ्यांदा हो, असं सिस्टर म्हणाली. रोशनीने बरं म्हटलं.

रविवारी ती आली तेव्हा अंगावर रात्रीचाच ड्रेस होता आणि केसांना स्पिरिटचा वास येत होता. लेखी भाग कसाबसा झाला. बाराच्या सुमारास दोघींचं नाव पुकारलं. आत पुण्याहून आलेल्या दोन परीक्षक बसल्या होत्या, एक वयस्क, एक तरुण. मध्ये टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना या दोघी. दोघींच्या ओळखीच्या एका मैत्रिणीचा वाढदिवस आहे, शनिवारी सोबत जाऊन भेटवस्तू घ्यायची आहे, कधी जायचं ते ठरवा, असं तरुण परीक्षकेने सांगितलं आणि कागद दिले. रोशनीने आपला कागद वाचला. सकाळी दहाला दाताचा डॉक्टर, दुपारी एकला आईकडे जेवण, दोनला कपडे धुणं, सहाला सिनेमा. मधल्या बऱ्याच चौकटी रिकाम्या होत्या.

चारुशीलाने सुरुवात केली. "दू कोम्स्ट उम त्सेन."

"नाइन," रोशनी म्हणाली. नाही. दहाला मी दाताच्या डॉक्टरकडे आहे. सगळं बरोबर म्हटलं, आवाजही कापला नाही. आणि ते म्हणताना तिला जे वाटलं ते तिला अपेक्षित नव्हतं. त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून नाही म्हणणं इतकं सोपं होतं, आणि त्यासाठी दुसऱ्या देशाची भाषा लागली.

"दू कोम्स्ट उम आइन्स." तू एकला येतेस.

"नाइन." एकला मी आईसोबत जेवते.

वयस्क परीक्षकेने चारुशीलाकडे पाहून हलकेच सुचवलं की प्रश्न विचारा. चारुशीलाच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिने एकदा छताकडे पाहिलं, एकदा परीक्षकेकडे, आणि मग सरळ रोशनीकडे बघत, एकेक शब्द वजन उचलल्यासारखा उचलत ती म्हणाली, "हास्ट दू... उम फिअर... त्साइट?"

चार वाजता तुला वेळ आहे का?

तिने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं, नीट, जसं सर सांगत होते तसं. रोशनीने कागद पाहिला. चार वाजताची चौकट रिकामी होती. दोनला कपडे, सहाला सिनेमा, आणि मध्ये चार वाजता कोरा पांढरा कागद. एक शब्द बोलायचा होता. तो शब्द ती चार वर्षं रोज बोलत आली होती, आजारी असताना, पाळीच्या दुखण्यात, दसऱ्याच्या दिवशी, आणि नेमका आज तो तिच्याकडे नव्हता.

"नाइन," ती म्हणाली. "लायडर निश्ट." दुर्दैवाने नाही.

तरुण परीक्षकेने आपल्याकडची प्रत पाहिली, भुवया उंचावल्या आणि का नाही म्हणून विचारलं.

"इश आर्बाइटे," रोशनी म्हणाली. मी काम करते. ड्यूटी आहे.

चारुशीलाचं सगळं तिथेच संपलं. तिसऱ्यांदा हो मिळणार, एवढ्याच भरवशावर ती आली होती, पुढचं एकही वाक्य तिच्याजवळ नव्हतं. ती कागदाकडे बघत बसली. रोशनीने मग आपणहून वेळ सुचवली, साडेपाच चालेल का म्हणून विचारलं, अगदी गोड आवाजात, कारण सुचवण्याचे गुण असतात. चारुशीला "या" म्हणाली. घाईघाईने, सुटका व्हावी म्हणून, वॉर्डात रोशनी म्हणायची तसंच. वयस्क परीक्षकेने पुढे वाकून तिच्या कागदावर बोट ठेवलं. साडेपाचला तिची केस कापायची वेळ लिहिलेली होती.

वेळ संपली. रोशनीने आपला कागद टेबलावर ठेवला, वरची बाजू वर. एक क्षणभरच तो तिथे होता, मग परीक्षकेने उचलला. पण जी बाई दहा वर्षं टेबलाच्या पलीकडून उलटा चार्ट वाचत आली तिला एक क्षण पुष्कळ होता. तिची नजर कागदावरून एकदा फिरली आणि चार वाजताच्या चौकटीवर थांबली. बाहेर आल्यावर दोघींनी चपला घातल्या.

निकाल दोन आठवड्यांनी आला. रोशनी पास झाली, चांगल्या गुणांनी. चारुशीला तोंडी भागात दोन गुणांनी नापास झाली.

रोशनीने सूड येण्याची वाट पाहिली. पुढचे दोन आठवडे चार्ट इतका न्याय्य आला की तिला रात्री झोप लागेना. तिला सांगावंसं वाटायचं की घाल ना नाइट, घाल, म्हणजे माझ्या मनातलं ओझं तरी उतरेल. कारण ओझं होतं. कितीही नाकारलं तरी ते दोन गुण कुठे गेले हे तिला माहीत होतं. पण त्या ओझ्यासोबत दुसरंही काही होतं, आणि ते गोड होतं, खोटं कशाला बोला. परीक्षेच्या खोलीतली ती तिसरी नाइन आठवली की तिला अजूनही बरं वाटायचं.

मग दसऱ्याच्या आठवड्याचा चार्ट करायचा शनिवार उजाडला. दुपारची वेळ, वॉर्ड शांत होता. रोशनी आणि पायल फायली लिहीत बसल्या होत्या. चारुशीलाने पट्टी, पेन्सिल, खोडरबर मांडलं. आणि मग तिने हात लांब करून खिळ्याची वही काढली, उघडली आणि वाचली. पायलने रोशनीला कोपराने ढोसलं.

"रोशनी, इकडे ये," सिस्टर म्हणाली.

रोशनी टेबलासमोर जाऊन उभी राहिली. चारुशीला चार्टकडे बघतच बोलत होती. तिने सांगितलं की एजन्सी पंचेचाळीसच्या वरच्या नर्सला घेत नाही आणि जानेवारीत तिला पंचेचाळीस पूर्ण होतात. डिसेंबरचीच परीक्षा शेवटची. तिने शिकवलेल्या अकरा पोरी बाहेर गेल्या, प्रत्येकीच्या अनुभवाच्या दाखल्यावर तिने सही केली, आणि ती इथेच रेघा मारत बसली आहे. अंकित सर म्हणाले, पास झालेल्या कोणासोबत तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास बोला, दुसरा उपाय नाही. हे सगळं तिने पेशंटची हिस्टरी सांगावी तसं सांगितलं, चढउतार न करता. मग मान वर केली.

"तुले वेळ कधी असते?"

मराठीत विचारलं होतं. वॉर्डात, पायलसमोर. चार वर्षांत पहिल्यांदा. चारुशीलाने पेन्सिलचं टोक दसऱ्याच्या चौकटीवर टेकवलं.

"इथे ओ टाकते मी. वाचलं मी वहीत. दर वर्षी लिहितेस ते."

म्हणजे आधीही वाचत होती तर. चार वर्षं वाचत होती आणि ई टाकत होती. रोशनीच्या मनात तोपर्यंत काहीतरी हललं होतं, वडिलांचा पांढरा सदरा, आईचा हात, दीक्षाभूमीवरची ती अथांग गर्दी आणि त्या गर्दीत आपण. फक्त शनिवारी अर्धा तास द्यायचा, दुपारी चारला ती मोकळीच असायची. ते सगळं आलं आणि या एका वाक्याने मागे गेलं.

"मले वेळ नाही, सिस्टर," ती म्हणाली.

चारुशीलाने पेन्सिल उचलली नाही. "त्या दिवशी तुह्या कागदावर चार वाजता काहीच नव्हतं. मी पाहिलं."

"हो."

"तरी विचारून राहिली मी तुले."

रोशनीला ते समजलं. या बाईने इतकं खाली येऊन आजवर कोणाला काही विचारलं नसेल, पुढेही विचारणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्यामुळेच ते इतकं गोड लागलं. "वेळ नाही," ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्याच कानांना तो आवाज ओळखीचा वाटला. चार्टवरून मान वर न करता बोलणाऱ्या बाईचा आवाज होता तो.

चारुशीलाने मान खाली घातली. दसऱ्याच्या चौकटीत तिने ई लिहिला, सावकाश, सुबक, आणि पुढच्या ओळीकडे वळली. पायलने नंतर विचारलं की शनिवारी तर तू मोकळीच असतेस, मग असं काहून केलं, अन् दसराही घालवला. रोशनीने तिला फाइल दे म्हटलं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. रुपराव फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, मोटार चालू असलेल्या विहिरीवर उभे असल्यासारखे. त्यांनी आधी मोसंबीची तोडणी सांगितली, आईचा गुडघा सांगितला, मग विचारलं की या वर्षी तरी सुट्टी भेटली का. पुढच्या वर्षी तर तू परदेशात राहशील, त्यामुळे आई म्हणून राहिली होती की एकदा सोबत जाऊ.

"नाही भेटली बाबा," रोशनी म्हणाली. "सिस्टरने देली नाही."

कोणाला शिव्या देणं रुपरावांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "बरं, जाऊ दे. आम्ही गेटवर येतो. किती वाजता येऊ?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. इव्हिनिंगच्या पाळीत चहाची सुट्टी कधी असते ते तिला पाठ होतं, तरी उत्तर द्यायला तिला वेळ लागला.

"चार वाजता या," ती म्हणाली. "चार वाजता मले दहा मिनिटं वेळ असते."